टॉवेलच्या कंटेनरचा कार्बन कसा मोजायचा आणि कसा उतरवायचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं एक्स्पोर्टची कागदपत्रं सांभाळते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बीएल (जहाज कंपनी देते ती मालाची पावती), सगळं हाताखालून गेलेलं. दोन वर्षांपूर्वी जर्मनीच्या बायरच्या फॉर्मात एक नवा रकाना आला: माल पोचवताना किती कार्बन डायऑक्साइड सुटला, किलोत लिहा. आजूबाजूला विचारलं तर कुणी रकाना कोरा सोडत होतं, कुणी फॉरवर्डर (माल जहाजावर चढवून देणारा एजंट) सांगेल तो आकडा टाकत होतं. मला ते बरं वाटलं नाही. आपल्या सहीचा कागद आहे, त्यावरचा आकडा आपल्याला सांगता यायला हवा. म्हणून बसून शिकले. आता शेजारच्या कारखान्यांतली पोरं विचारायला येतात, त्यांच्यासाठी हे एकदाच सविस्तर लिहिते.

आधी मोजायचं कसं

पॅकिंग लिस्टवरचं ग्रॉस वजन, माल गेला तो मार्ग आणि एक कॅल्क्युलेटर, एवढंच लागतं. वजन टनात, अंतर किलोमीटरमध्ये, त्यांचा गुणाकार म्हणजे टन-किलोमीटर. त्याला त्या वाहनाच्या दराने गुणायचं, म्हणजे एका टन-किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो त्या आकड्याने.

रस्त्यासाठी मात्र मी दर न लावता सरळ डिझेल मोजते. सोलापूर ते न्हावाशेवा बंदर साधारण ३८० किलोमीटर. आमचा ट्रेलरवाला भरल्या गाडीला लिटरमागे ४ चा ॲव्हरेज सांगतो, म्हणजे ९५ लिटर. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. झाले २५५ किलो. पण बंदरातून रिकामा कंटेनर घेऊन तोच ट्रेलर आपल्या दारात आलेला असतो आणि ती फेरी बहुतेक जण विसरतात. रिकाम्याला लिटरमागे ५ धरले तर ७६ लिटर, म्हणजे आणखी २०४ किलो. दोन्ही मिळून ४६० किलोच्या आसपास.

आमच्या मालकांनी तेव्हा विचारलं होतं, "ताई, लिटरभर डिझेल किलोभरसुद्धा भरत नाही, मग अडीच किलो धूर आला कुठून?" शंका अगदी बरोबर होती. इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, वाढीव वजन त्या ऑक्सिजनचं. विमानाच्या इंधनाचंही तेच, १ किलोमागे ३.१६ किलो.

आता समुद्र. कंटेनर जहाजाला टन-किलोमीटरमागे ढोबळ १० ते २० ग्रॅम धरतात. टॉवेल हा हलका आणि फुगीर माल. चाळीस फुटी हाय क्यूब, म्हणजे जादा उंचीचा कंटेनर, गच्च भरला तरी आमच्याकडे १० टनांच्या आसपासच भरतो, जहाजावरची जागा मात्र पूर्ण अडवतो. म्हणून मी वरचा, २० ग्रॅमचा दर घेते. तुम्हीही तोच घ्या.

अंतर लिहिण्याआधी जहाज कुठून गेलं ते फॉरवर्डरला विचाराच. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या लायनींनी (जहाज कंपन्यांनी) सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावाशेवा ते हॅम्बुर्ग सुएझमधून साधारण १२,००० किलोमीटर, केप ऑफ गुड होपवरून २०,००० च्या घरात. १० टन गुणिले २०,००० गुणिले २० ग्रॅम म्हणजे ४ टन कार्बन डायऑक्साइड (पुढे सोयीसाठी नुसतं कार्बन म्हणते). तोच कंटेनर सुएझमधून गेला तर २.४ टन. बॉक्स तोच, माल तोच, नुसत्या वाटेने दीड टनापेक्षा जास्त फरक पडतो.

विमानाचा हिशोब

लांब पल्ल्याच्या मालवाहू विमानाला टन-किलोमीटरमागे ५०० ग्रॅमच्या वरच धरावं लागतं, मी ६०० धरते. मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर ६,६०० किलोमीटर. १ टन टॉवेल गुणिले ६,६०० गुणिले ६०० ग्रॅम: ३,९६० किलो.

हा आकडा आला तेव्हा मी कॅल्क्युलेटर पुसून पुन्हा केला. १ टन टॉवेल विमानाने आणि १० टनांचा अख्खा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने, दोन्ही जवळपास सारखे. वर विमानाच्या मागे उंचावर जे पांढरे पट्टे उमटतात, त्यांनीही उष्णता अडते. ती या आकड्यात आलेलीच नाही.

मला हे लागलं, कारण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही १,२०० किलो माल विमानाने पाठवला होता. नेव्ही ब्लूचा लॉट. डाईंगला पाणी वेळेवर मिळालं नाही, घाईत लॉट घेतला आणि शेड मारला गेला, म्हणजे रंगाची छटा बिघडली. सॅम्पलशेजारी टॉवेल धरला की किनार जांभळट दिसायची. मास्तरांनी पुन्हा रंगवला, त्यात नऊ दिवस गेले, जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ, हुकला. बायर थांबायला तयार नव्हता. विमानतळावर वजन झालं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आमचा कार्टन ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा, काट्यावर १४ किलो. विमानवाले घनफळाला ६,००० ने भागतात, म्हणून बिल १६ किलोचं. प्रत्येक कार्टनमागे दोन किलो हवेचं भाडं भरलं. नफा गेलाच, पण त्या १,२०० किलोंनी हवेत पावणेपाच टन कार्बन सोडला हे मला वर्षभराने, हिशोब शिकल्यावर कळलं.

कमी कसा करायचा

म्हणून पहिलं काम कारखान्यातच करायचं: विमानाची वेळ येऊ द्यायची नाही. कट-ऑफच्या तारखेपासून मागे मोजत या. स्टफिंगला (कंटेनर भरायला) एक दिवस, ट्रेलरला दोन, पॅकिंगला तीन, आणि पुन्हा रंगवावं लागलं तर दहा दिवस वेगळे राखून ठेवा. एप्रिल-मेच्या ऑर्डरींना पंधरा ठेवा, उन्हाळ्यात पाण्याचा भरवसा नाही. शेड मंजूर झाल्याशिवाय बुकिंग पक्कं करू नका.

दुसरं काम पॅकिंगचं. टॉवेलची घडी आणि कार्टनचं माप बदलून आम्ही एका कंटेनरात १० ऐवजी ११ टन बसवले. प्रत्येक टॉवेलच्या वाट्याचा कार्बन नऊ टक्क्यांनी उतरला, खर्च काहीच नाही. फक्त जास्त दाबू नका. पाइल (टॉवेलवरचे उभे धागे) चपटा झाला तर बायर माल नाकारतो, आणि परत आलेला माल दोनदा समुद्र ओलांडतो.

तिसरं, बायरकडे दिवस मागा. जहाज १० टक्के हळू चाललं तर तेवढ्याच अंतराला इंधन सुमारे २० टक्के कमी लागतं, कारण पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऑर्डर आठ दिवस लवकर आली तर हळू जाणारी सेवा निवडता येते. बायरला हे आकड्यात दाखवलं तर तो ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

एवढं झाल्यावर स्वच्छ इंधनाकडे या. मेर्स्कचं लॉरा मेर्स्क हे मिथेनॉलवर चालू शकणारं पहिलं कंटेनर जहाज २०२३ मध्ये पाण्यात आलं, २,१०० टीईयूचं, म्हणजे वीस फुटी तेवढे कंटेनर मावतील असं. पुढच्याच वर्षी १६,००० टीईयूचं ॲन मेर्स्क आलं. मोठ्या लायनी आता थोडे जास्त पैसे घेऊन स्वच्छ इंधनाचा पर्याय देतात. यात एक गोष्ट नीट समजून घ्या: ते इंधन आपल्याच जहाजात पडेल असं नाही. कंपनी आपल्या ताफ्यात कुठेतरी ते जाळते आणि तेवढी बचत आपल्या नावावर लिहिते. आपल्याकडच्या गिरण्या ओपन ॲक्सेसमधून, म्हणजे सरकारी तारांवरून, दूरच्या सोलर प्लांटची वीज घेतात, त्या युनिटचा तोच इलेक्ट्रॉन आपल्या यंत्रमागावर येतो का? व्यवहार तसाच आहे आणि प्रामाणिक आहे. अट एवढीच, तीच बचत दोघांना विकली जाता कामा नये. म्हणून प्रमाणपत्र मागा आणि त्यावर आपला बीएल नंबर आहे का बघा.

फॉरवर्डरला मी जे विचारते ते असं. मिथेनॉल असेल तर कशापासून बनवलं? नैसर्गिक वायूपासून केलेलं असेल तर कार्बनची बचत नाहीच. शेतातल्या किंवा शहरातल्या कचऱ्यापासून, नाहीतर हिरव्या (सौर-पवन विजेने पाण्यातून काढलेल्या) हायड्रोजनपासून केलेलं असेल तरच पैसे मोजा. एलएनजीवरचं (द्रवरूप नैसर्गिक वायूवरचं) जहाज असेल तर इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन मोजलाय का? वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो, म्हणून एलएनजीला मी स्वच्छ म्हणत नाही. बायोडिझेल असेल तर वापरलेल्या तेलाचं की पामचं? अमोनियाची जहाजं येऊ घातली आहेत. त्यात कार्बन नाही, पण तो विषारी आहे आणि उणे ३३ अंशांवर द्रव ठेवावा लागतो, त्यामुळे त्यासाठी आपली ऑर्डर अडवून ठेवू नका.

बॅटरीबद्दल तरुण पोरं हमखास विचारतात. एक किलो बॅटरीत पाव युनिटच्या आसपास वीज मावते, एक किलो विमान इंधनात बारा युनिट ऊर्जा असते. इलेक्ट्रिक मोटर कितीही चांगली असली तरी हे अंतर भरून निघत नाही. दोन आसनी शिकाऊ विमान बॅटरीवर उडतं, २०२० मध्ये युरोपात तसं पहिलं प्रमाणित झालं. माल घेऊन जर्मनी गाठायला अजून द्रव इंधनच लागतं.

ते द्रव इंधन स्वच्छ करायचा मार्ग म्हणजे शाश्वत विमान इंधन, ज्याला सगळे सॅफ म्हणतात. साध्या इंधनात ते निम्म्यापर्यंत मिसळायला परवानगी आहे आणि चांगल्या कच्च्या मालापासून केलं तर कार्बन ८० टक्क्यांपर्यंत कमी होतो. पण मघाचा हिशोब पुन्हा करा. ३,९६० किलोतून ८० टक्के वजा केले तरी ७९२ उरतात, म्हणजे टॉवेलच्या किलोमागे ०.८. साध्या जहाजाने ०.४ येतो. सॅफचे पूर्ण पैसे भरूनसुद्धा विमानाचा टॉवेल जहाजाच्या टॉवेलच्या दुप्पट पडतो. माल खरंच अडकला तरच विमान, आणि तेव्हा सॅफ जरूर मागा.

एक भाड्याच्या बिलाबद्दल. युरोपने २०२४ पासून जहाजांच्या कार्बनवर पैसे लावले: २०२४ च्या ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण, बाहेरून येणाऱ्या फेरीला त्यातलं निम्मं. बिलात ईटीएस म्हणून जी ओळ दिसते ती हीच. एफओबी (जहाजाचं भाडं बायरकडे) विकत असाल तर ती बायरच्या बिलात जाते, सीआयएफ (भाडं आणि विमा आपल्याकडे) असेल तर आपल्या. मालाची किंमत ठरवताना विसरू नका.

आपल्या उसाचं

हे टॉवेलवाल्यांसाठी नाही, पण सोलापुरात बसून लिहिते तर सांगायलाच हवं. होटगी रोडच्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली. त्याच्या एक महिना आधी, १९ मे २०२३ ला, पुण्याहून दिल्लीला देशी कच्च्या मालापासून केलेलं सॅफ मिसळून प्रवासी विमान गेलं होतं. ते सॅफ पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. उसाच्या मळीपासून होणाऱ्या इथेनॉलच्या रेणूतून पाणी काढलं की इथिलीन वायू होतो, त्याचे छोटे रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या, वर हायड्रोजन द्यायचा, की विमानाचं इंधन. एक लिटरला दीड लिटरहून जास्त इथेनॉल लागतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के सॅफ हे आपल्या देशाचं उद्दिष्ट आहे.

यासाठी जास्त ऊस लावावा असं मी म्हणणार नाही. शहरात काही दिवसांआड नळ येतो आणि उजनीचं पाणी उसाला जातं, हे आपण रोज बघतो. पण मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) आपल्याकडे आहेच. शिवाय एक गोष्ट आपण अक्षरशः हवेत सोडतो: आंबवताना १ किलो इथेनॉलमागे जवळपास १ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो अगदी शुद्ध असतो. त्याला हिरवा हायड्रोजन जोडला तर जहाजाचं मिथेनॉल होतं. १ किलो मिथेनॉलला १.४ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, १९० ग्रॅम हायड्रोजन, आणि तो हायड्रोजन करायला दहाएक युनिट वीज. ऊन आपल्याकडे कमी नाही.

माझा भाऊ मोहोळला ऊस लावतो, कारखान्याचा सभासद आहे. त्याला मी वार्षिक सभेसाठी दोन प्रश्न लिहून दिले. डिस्टिलरीचा कार्बन डायऑक्साइड पकडतो की सोडतो? आणि सॅफसाठी लागणारं आयएससीसी प्रमाणपत्र (कच्चा माल शाश्वत असल्याचा दाखला) घ्यायचं ठरलं तर शेतकऱ्यांकडून पाणी, खत आणि जमिनीच्या नोंदी कोण गोळा करणार? दुसऱ्या प्रश्नाचं काम आजपासून घरच्या वहीतही सुरू करता येतं.

बायरला पाठवायचा मेल

आता मूळ रकाना भरा. रस्ता ४६० किलो, समुद्र ४,००० किलो, एकूण ४,४६० किलो. त्याखाली ग्रॉस वजन, ट्रेलरचं डिझेल, रिकामी फेरी धरली आहे हे, जहाजाचा मार्ग केप की सुएझ, आणि लावलेला दर लिहा. हॅम्बुर्गपासून पुढची वाहतूक यात नाही आणि टॉवेल विणण्या-रंगवण्याचा कार्बनही नाही, हेही लिहा. स्वच्छ इंधनाचं प्रमाणपत्र घेतलं असेल तर ते आकड्यातून परस्पर वजा करू नका. वेगळ्या ओळीत दाखवा आणि प्रत जोडा. बीएल हातात आल्यावर जहाजाचं नाव आणि मार्ग पुन्हा तपासा. मधल्या बंदरात माल दुसऱ्या जहाजावर चढवला असेल तर अंतर बदलतं, तसं झालं असेल तर सुधारलेला आकडा त्याच मेलच्या उत्तरात त्याच आठवड्यात पाठवून द्या.