पॉलिअमाइन कमी केल्यावर ब्रेस्ट कॅन्सर सेल्सचं डीएनए रेप्लिकेशन खरंच मंदावलं का, हे कसं बघायचं

पॉलिअमाइन म्हणजे प्युट्रेसिन, स्पर्मिडीन, स्पर्मिन हे सेल वाढायला लागणारे छोटे रेणू. एमसीएफ-७ ला (ब्रेस्ट कॅन्सरची सेल लाइन) डीएफएमओ (ते बनणं अडवणारं औषध) दिलं, तीन दिवसांनी सेल्स मोजले तर कंट्रोलच्या निम्मे, म्हणजे रेप्लिकेशन स्लो झालं, असं लिहून मोकळं होऊ नका. जी१ मध्ये (डीएनए कॉपी व्हायच्या आधीची फेज) अडकले तरी आकडा तोच येणार.

डीएफएमओ म्हणजे ओडीसी (ऑर्निथिन डिकार्बॉक्सिलेज) एन्झाइमला कायमचं कुलूप, ऑर्निथिनपासून प्युट्रेसिन बनणं बंद. ५ मिलिमोलर घ्या, पाण्यात विरघळतं, पण सीड करतानाच (सेल्स प्लेटवर पेरतानाच) टाका, कारण नव्या प्लेटवर पडले की सेल्स लगेच पॉलिअमाइन बनवायला घेतात आणि आपल्याला तिथेच अडवायचंय. प्युट्रेसिन आणि स्पर्मिडीन चांगलंच खाली जातं, स्पर्मिन मात्र चिवट, ते बऱ्यापैकी टिकून राहतं. त्यामुळे एचपीएलसी वर (रेणू वेगळे करून मोजायचं तंत्र) तिन्ही मोजल्याशिवाय 'डिप्लिशन झालं' म्हणू नका.

आता खरं काम. नुसतं पीआय स्टेनिंग (डीएनएला चिकटणारा रंग, फ्लो सायटोमीटरवर प्रत्येक सेलमधला डीएनए मोजायला) फसवतं, सगळ्याच फेज सारख्या लांबल्या तर हिस्टोग्राम अगदी नॉर्मल दिसतो! म्हणून ब्रोमोडिऑक्सियुरिडिनचा (नव्या बनणाऱ्या डीएनएत शिरणारं लेबल) अर्ध्या तासाचा पल्स द्या, धुवा, परत डीएफएमओ असलेलंच मीडियम घाला (हे विसरणारे खूप आहेत) आणि दर दोन तासांनी एकेक प्लेट उचला. अँटीबॉडीच्या आधी २ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने डीएनए उघडावा लागतो, नाहीतर सिग्नलच नाही. शून्य तासाला डॉट प्लॉटवर (आडवा डीएनए, उभा लेबलचा सिग्नल) कमान दिसते, डावा पाय जी१, उजवा जी२ (कॉपी झाल्यानंतरची फेज), आणि मधली उचललेली एस फेज, म्हणजे डीएनए कॉपी होते ती. लेबल झालेला हा घोळका पुढच्या तासांत उजवीकडे सरकतो. ट्रीटेड सेल्समध्ये तो रेंगाळत सरकला तर एस फेज लांबली म्हणायची. फोर्कच (डीएनए कॉपी होत पुढे सरकणारी जागा) हळू चालतोय की कमी ओरिजिन (कॉपी सुरू होते त्या जागा) पेटतायत, हे मात्र यातून कळत नाही, त्याला डीएनए फायबर ॲसे (डीएनएचे धागे काचेवर ताणून लेबल झालेले तुकडे मोजायचे) करावाच लागतो.

रेस्क्यू कंट्रोलला (पॉलिअमाइन परत दिल्यावर सेल्स सावरतात का ते बघायला) मी एकदा मोठ्या हौसेने स्पर्मिडीन टाकलं आणि सकाळी सगळे सेल्स तरंगत होते. बोवाइन सीरममधलं अमाइन ऑक्सिडेज त्याचे विषारी अल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. १ मिलिमोलर अमिनोग्वानिडिन आधी घाला, किंवा सरळ प्युट्रेसिन वापरा.