मासा आजारी दिसला की आधी काय बघायचं

मासा कोपऱ्यात जाऊन बसला की बहुतेक घरांत पहिला हात निळ्या औषधाच्या बाटलीकडे जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, ती बाटली खाली ठेवा. मिथिलीन ब्ल्यू मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मरू शकतात, मग माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया चढतो आणि आजारी माशाच्या जोडीला धडधाकट मासेही लोळायला लागतात. लोकांच्या घरच्या टाक्या सांभाळणं हेच माझं काम आहे. फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते, पाणी कधी बदललं आणि कुठलं घातलं?

सगळेच मासे एकदम वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर तो बहुतेक वेळा रोग नसतो, पाणी असतं. टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट बघा, दोन्ही शून्य हवेत. पीएचही बघा. अमोनिया तेवढाच असला तरी पीएच सातावरून आठावर गेला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून बोअरवेलच्या जड, पीएच जास्त असलेल्या पाण्यात थोडासा अमोनियाही भोवतो. टँकरचं किंवा नळाचं ताजं पाणी अँटिक्लोरीन न घालता थेट ओतलं असेल, तर क्लोरीनने कल्ले भाजतात. अशा वेळी क्लोरीन काढलेल्या, टाकीच्याच तापमानाच्या पाण्याने तिसरा हिस्सा बदला आणि एअर पंप जोरात चालू ठेवा. औषध लागत नाही.

एखादाच मासा बिघडला असेल तर निवांत बसून बघा. सकाळी टाकीचा दिवा लावायच्या आधीची वेळ उत्तम. पर अंगाशी मिटलेत का? दगडावर, पाइपवर अंग घासतोय का? एकाच बाजूचा कल्ला हलतोय आणि दुसरा बंद आहे का? असं असेल तर कल्ल्यांतल्या चपट्या कृमींचा, म्हणजे फ्लूक्सचा संशय धरा. ते साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत.

आता टॉर्च घ्या आणि समोरून नाही, बाजूने तिरका प्रकाश टाका. अंगावर रव्याच्या कणासारखे सुटे, उठलेले पांढरे ठिपके दिसले तर तो व्हाइट स्पॉट, म्हणजे इक, हा परजीवीचा रोग. तिरक्या उजेडात सोनेरी-तपकिरी बारीक भुकटी चमकली तर व्हेल्वेट, हाही परजीवीचाच रोग. समोरून बघितलं तर ती हमखास निसटते. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीने पांढरे दाणे आले असतील, तर त्याला काही झालेलं नाही. तो विणीच्या हंगामात आलाय.

तोंडाभोवती किंवा पाठीवर पांढुरका, कापसाळ थर दिसला की सगळे बुरशी म्हणतात. तो पुष्कळदा कॉलम्नारिस हा जीवाणूंचा रोग असतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण इकसाठी हीटर वाढवतात आणि उष्ण पाण्यात कॉलम्नारिस झपाट्याने पसरतो.

अंगातून हिरवट-पांढरा धागा लोंबत असेल आणि मुळाशी लाल जखम असेल तर अँकर वर्म, म्हणजे अंगात रुतून बसणारा परजीवी. तलावातून आणलेल्या गोल्डफिश आणि कोईवर हा नेहमी सापडतो. गप्पीच्या गुदद्वारातून बारीक लाल टोकं डोकावत असतील तर कॅमॅलॅनस, म्हणजे आतड्यातले जंत. पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर आतली इंद्रियं निकामी होत आलेली असतात. तिथे मी खोटी आशा दाखवत नाही.

शंका उरली तर मायक्रोस्कोप. शाळेतला साधा, शंभर पट मोठं दाखवणारा पुरतो. ओल्या हाताने मासा धरायचा, कव्हरस्लिपची, म्हणजे स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेची कड डोक्याकडून शेपटीकडे हलकेच फिरवायची, निघालेला चिकट थर टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून लगेच बघायचा. सावकाश गोल फिरणारा मोठा गोळा आणि त्याच्या आत घोड्याच्या नालाच्या आकाराचं केंद्रक दिसलं की इक पक्का.

इकचं औषध मात्र ठिपका दिसतो तिथे लागू पडत नाही. परजीवी कातडीखाली असतो. तो पिकून तळाशी पडतो, तिथे विभागून शेकडो पिल्लं सोडतो, आणि औषध मारतं ते त्या पोहणाऱ्या पिल्लांना. पंचवीस-सव्वीस अंशांना हा फेरा साधारण आठवड्याचा असतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध लगेच थांबवू नका, बाटलीवर लिहिलेले दिवस पुरे करा. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, तो औषध शोषून घेतो. कोळंबी, गोगलगायी असतील तर तांबं असलेलं औषध टाकीत नकोच.

मुंबईत कुर्ल्याच्या मासेबाजारातून आणा की कोपऱ्यावरच्या दुकानातून, नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, वेगळ्या जाळीने. आणि हाताला चीर असेल तर टाकीत हात घालू नका. माशांच्या क्षयाचा जीवाणू माणसाच्या कातडीतही गाठी आणतो.