‘तुमच्या सांगलीत लुटालूट चाललीय म्हणे?’ असा फोन आला तर

गावभागात आमचा जुना वाडा आहे. माडीवर चार खोल्या, तिथं कॉलेजच्या मुली राहतात. खाली माझी खानावळ. जत, आटपाडी, अथणी, कुठकुठल्या गावच्या मुली गेली 22 वर्षं माझ्या हातचं जेवतायत. त्यामुळं सांगलीला काही झालं की पहिला फोन कलेक्टरला जात नसेल, मला येतो.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा नदी आमच्या आयर्विन पुलाला 57 फुटांच्या वर गेली. इशारा पातळी 40, धोका पातळी 45, तेव्हा काय झालं असेल ते समजून घ्या. खानावळ पार बुडाली, जिन्याच्या अकराव्या पायरीपर्यंत पाणी आलं. मुलींना मी आधीच गावाला धाडलं होतं. मी विश्रामबागला बहिणीकडं आणि आमचे हे, ऐकतील तर शपथ, माडीवरच.

पाणी उतरायला लागलं तसा जतहून एका मुलीच्या वडिलांचा फोन. “काकू, तिकडं घरं फोडाय लागलेत म्हणं. पोरीचं सामान बांधून ठेवा, न्यायला येतो.” मला इतका राग आला! मी म्हटलं, “काही नाही हो, सगळ्या अफवा. सांगली म्हणजे देवमाणसांचं गाव.” त्याच संध्याकाळी आमच्याच बोळात एक कुलूप तोडलेलं सापडलं. ते त्यांना दुसऱ्या मुलीकडून कळलं. सामान तर गेलंच, वर त्यांनी आणखी दोन घरी सांगितलं, “ती बाई लपवते.” तीन खोल्या दिवाळीपर्यंत रिकाम्या राहिल्या.

तेव्हा पहिली गोष्ट ही. गावाची बाजू घ्यायची म्हणून ‘आमच्याकडं असलं काही होत नाही’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. एक चोरी सिद्ध झाली की तुमचं बाकीचं खरंही खोटं ठरतं. ‘चौकशी करून संध्याकाळी सांगते’ म्हणा, आणि संध्याकाळी खरंच फोन करा.

आता चौकशी कशी करायची. पुरात गेलेली प्रत्येक वस्तू चोरीला गेलेली नसते, हे मला माझ्याच सिलिंडरनं शिकवलं. घरी परतले तर खानावळीतले दोन्ही सिलिंडर गायब. मी अख्ख्या बोळात बोंब मारली की मेल्यांनी सिलिंडरसुद्धा सोडले नाहीत. दोन दिवसांनी एक सापडला मारुतीच्या देवळामागं, गाळात आडवा, आणि दुसरा तीन बोळ पलीकडं एकांच्या परसात, तुळशीवृंदावनाला टेकून उभा, जणू पाहुणाच आलाय. आमच्या ह्यांनी मग हिशेब मांडून दाखवला. सिलिंडरचं लोखंड पंधरा-सोळा किलो, आतला गॅस 14.2 किलो, म्हणजे भरलेला तीस-एक किलो; आणि तो पाणी सारतो त्याहून जास्त. म्हणजे रिकामाच काय, भरलेला सिलिंडरही तरंगतो आणि पाणी नेईल तिकडं जातो. पिंपं, कपाटं, फ्रिज सगळ्यांचं तेच. दारं मोडतात तीही बऱ्याचदा पाण्याच्या दाबानं. कुलूप कडीसकट उखडलं असेल तर आधी पाण्यावर संशय घ्या. कडी जागेवर आणि कुलूप कापलेलं असेल तर मात्र माणूस आला होता.

म्हणून वही घाला. मी वाण्याच्या उधारीची लांबट वही घेतली आणि पाच रकाने पाडले: काय गेलं, कुठून गेलं, शेवटचं कधी पाहिलं, पाहिलं कुणी, तक्रार केली का. पाचवा रकाना विसरू नका, खरी गंमत तिथंच आहे. आमच्या आणि शेजारच्या बोळात मिळून ‘चोरी झाली’ म्हणणारी अकरा घरं आणि एक दुकान होतं. वही घेऊन दारोदार गेल्यावर सहा जणांचं सामान आसपासच्या गाळात सापडलं. दोन घरी दिरानं किंवा मेव्हण्यानं वस्तू आधीच माळ्यावर टाकलेल्या, सांगायचं राहिलेलं. एका आजींनी तर स्वतःच पाटल्या पिठाच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि तो डबा वर नेलाय हे विसरल्या. राहिल्या तीन खऱ्या चोऱ्या: दोन घरांतले तांब्याचे बंब आणि पाण्याची मोटर, एका दुकानाचा गल्ला. तलवारी, टोळ्या, बायकांच्या अंगावरचे दागिने ओढणं, यातलं एकही माझ्या वहीत कुणी स्वतः पाहिलं म्हणून लिहिता आलं नाही. ‘ऐकलं’ लिहायला मी सहावा रकाना मुद्दामच ठेवला नव्हता.

त्या तीनपैकी बंबवाल्या दोघांना पोलिसांत जायचं नव्हतं. एक म्हणाले, “जाऊ दे वहिनी, पेपरात आलं की गावाचंच नाव खराब.” हा सगळ्यात वाईट सल्ला आणि तो देणारी माणसं सगळ्यात चांगली असतात, ही अडचण. नोंद नसली की तीन चोऱ्यांच्या तीनशे व्हायला वेळ लागत नाही, कारण मोजायला काहीच नसतं. नोंद असली की आकडा तीनवर थांबतो. त्यामुळं तक्रार कराच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. घर सोडून मिरजेला किंवा पुण्याला लेकीकडं गेला असाल तर तिथल्या ठाण्यातही तक्रार घ्यावी लागते, हद्द कुठली हे कारण चालत नाही. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आलेत. त्यात ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. ठाण्यात घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं थेट पोलीस अधीक्षकांना पाठवा. आणि एक करा, नुकसानीच्या पंचनाम्याला तलाठी किंवा महापालिकेची माणसं येतात त्यांच्या कागदावर चोरी घालू नका. तो पंचनामा वेगळा, पोलिसांचा वेगळा. दोन्ही एकत्र कालवले की मदतही अडकते आणि तपासही.

महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर नाजूक गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर प्रसिद्ध होतात, ते फार जणांना ठाऊक नसतं. ठाणं आणि तारखा घालून बघता येतात. माझ्या एका मुलीनं हे शोधून दिलं. तेव्हापासून कुणी ‘रोज दहा घरं फुटतायत’ म्हटलं की मी भांडत बसत नाही. म्हणते, चला, उघडून बघू.

आता फॉरवर्डचं. आलेल्या मेसेजला तीन प्रश्न विचारा: कुठल्या गल्लीत, कुठल्या तारखेला, आणि हे पाहिलेल्या माणसाशी तुझं स्वतःचं बोलणं झालं का. ‘सांगलीत’ हे उत्तर नव्हे. ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला बोट उलटून माणसं गेली, ते गाव पलूस तालुक्यात. पण माझ्या पुण्याच्या जावेकडं तीच बातमी ‘सांगलीत बोटी बुडवतायत’ अशी पोचली होती! दुःख खरं, गाव जवळचं, क्रियापद मात्र बदललेलं. अफवा अशाच असतात, तळाशी थोडं खरं आणि वर गाळ. दुसरं असं, की खोटा व्हिडिओ खाली ‘हे खोटं आहे’ लिहून पुढं पाठवू नका. लोक व्हिडिओ बघतात, तुमची ओळ कोण वाचतं? व्हिडिओ न जोडता साध्या दोन ओळी लिहा: अमुक बोळात मी स्वतः गेले, अमुक सापडलं. अगदीच कुणी हट्टाला पेटला तर त्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम 54 सांगा. आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवली तर वर्षापर्यंत कैद किंवा दंड. मी एकदाच सांगितलं, चुलतसासऱ्यांना. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

गस्तीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथं खरा घात होतो.

त्या पुरात वीज नव्हती. आमचे हे आणि शेजारचे चौघं माडीवर रात्र काढत होते. दुसऱ्या का तिसऱ्या रात्री खालून आवाज यायला लागला. धाड... थांबून परत धाड. लोखंडावर लोखंड. एकजण म्हणाला, शटर फोडतायत. मग बॅटरीचा झोत भिंतीवर फिरला आणि पाण्यावर चार-पाच डोकी दिसली. झालं! समोरच्या गच्चीवरून कुणी तरी कौल भिरकावलं, मग दुसरं, मग कुंडीच. खालून ओरडणं ऐकू आलं, “अहो काका, दूध हाय, दूध!” पलीकडच्या गावची पोरं होती. बोट कुठली मिळणार, म्हणून त्यांनी गुऱ्हाळातली काहील आणली होती. उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई, आमच्या भागात पुरात तिचीच होडी होते. ती वाऱ्यानं दुकानाच्या शटरवर आपटत होती, तोच तो आवाज. आत दुधाच्या पिशव्या आणि एका म्हाताऱ्या बाईंसाठी इन्सुलिन. एका पोराच्या कपाळाला खोक पडली होती. ह्यांनी हळद दाबली आणि त्यानं वर चहा मागितला, इतकंच. कौल दोन बोटं खाली लागलं असतं तर डोळा गेला असता.

तर गस्त घालायचीच असेल तर अशी घाला. ठाण्यात कळवून, चारपेक्षा कमी नाहीत आणि दहापेक्षा जास्त नाहीत. हातात शिट्टी आणि बॅटरी. काठी चिखल चाचपायला हवी तर घ्या, दगड कुणाच्याच हाती नको. आधी हाक मारायची, ‘कोण आहे’. उत्तर येईपर्यंत थांबायचं. संशय वाटला तर 112. पकडून बांधून ठेवणं, चोप देणं, मोबाइलवर काढणं यातलं काही नाही. आणि संशय कुणावर घेताय ते स्वतःला विचारा. आमच्याकडं पहिली बोटं गेली ती भंगारवाल्यांकडं आणि गाळ काढायला आलेल्या बिहारी मजुरांकडं. गल्ल्याची चोरी केली होती कुणी? दुकानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या, त्याच पेठेतल्या मुलानं. अनोळखी माणसाला चोर ठरवून गावाची अब्रू वाचत नाही. माझ्या जिल्ह्यानं हे पुढं चांगलंच भोगलं. सप्टेंबर 2022 मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्याला उत्तर प्रदेशच्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली, आणि सांगलीचं नाव देशभर झालं ते त्या मारहाणीनं. त्याआधी 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना अशाच संशयानं जिवानिशी मारलं, त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, आमच्या शेजारचेच.

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, मावशी, न्यू ऑर्लिन्सचं असंच झालं होतं. 2005 मध्ये कतरिना वादळात तिथं हजारो लोक एका मोठ्या स्टेडियममध्ये अडकले, आणि आत खून पडतायत, शेकडो प्रेतं आहेत अशा बातम्या जगभर गेल्या. खुद्द मेयर आणि पोलीसप्रमुख टीव्हीवर तसंच बोलत होते. पाणी ओसरल्यावर मोजलं तर तिथं सहा मृत्यू, त्यात खून एकही नाही. पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. वर्ष-दीड वर्षानं त्या शहरात खून खरोखर वाढले. तेव्हा बदनामी नको म्हणून लोक गप्प बसले नाहीत. जानेवारी 2007 मध्ये हजारो माणसं महापालिकेवर चालून गेली आणि आमच्या शहरात खून थांबवा म्हणाली. गावावर जीव असणारी माणसं ती. ‘सब ठीक है’चा बोर्ड लावणारी नव्हेत.

जुलै 2021 ला परत पाणी आलं. जतच्या त्याच गृहस्थांची धाकटी लेक तेव्हा माझ्याकडं होती. (आले की नाही परत!) फोन आला, “काकू, काय खबर?” मी वही उघडून वाचलं. “आमच्या बोळात कालपर्यंत एक चोरी, वाण्याच्या दुकानातली, तक्रार झालीय. पलीकडच्या बोळात एकाचा पंप गेलाय, चोरी की वाहून गेला ते उद्या गाळ काढल्यावर कळेल. पोरीच्या खोलीचं कुलूप मी आज सकाळी हातानं ओढून बघितलंय. रात्री पोलिसांची गाडी टिळक चौकापर्यंत येते, आत येत नाही, चिखल आहे. पोरीला आठवडाभर तिकडंच ठेवा, चोरांसाठी नव्हे, पाणी प्यायसारखं नाही म्हणून.” पलीकडून बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “बरं. आणि तुमचा सिलिंडर?”

सिलिंडर जागेवर होता. हल्ली जून लागला की मी दोन्ही सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधते. ऑइलपेंटनं नाव घालायच्या भानगडीत पडू नका, मी घातलं होतं. गॅसवाला तो सिलिंडर घेऊन गेला, आणि माझ्या नावाचा सिलिंडर कुपवाडला एका हॉटेलात बघून शेजारणीनं मला फोन केला, “अगं, तुझा चोरीला गेलेला सापडला!”