सी-टू-सी ब्लँकेटवर प्राण्याची छायाकृती: या चुका टाळा

कॉर्नर-टू-कॉर्नर, म्हणजे आपण सगळ्याजणी जिला सी-टू-सी म्हणतो ती क्रोशाची वीण, शिकायला सोपी आहे. सहा साखळ्या घ्यायच्या, सुईपासून चौथ्या साखळीत एक खांब (डबल क्रोशे), पुढच्या दोन साखळ्यांत एकेक खांब, की पहिला ब्लॉक तयार. पुढच्या ओळीत असाच नवा ब्लॉक करायचा, काम वळवायचं, आधीच्या ब्लॉकच्या तीन साखळ्यांच्या घरात स्लिप स्टिच (बिनउंचीचा जोडटाका), तीन साखळ्या आणि त्याच घरात तीन खांब. सुरुवातीला दर ओळीला एक ब्लॉक वाढतो, शेवटी एकेक घटतो, आणि ब्लँकेट कोपऱ्यातून तिरकं वाढत जातं.

एवढं जमलं की लगेच हत्तीचं मोठं ब्लँकेट हातात घेतलं जातं. उशीच्या अभ्र्याएवढं काही करून बघायला सांगितलं तर तोंडं उतरतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी फोटो येतात, "ताई, सोंड अशी तुटक का दिसते?"

छायाकृतीत डोळा नसतो, रंगाची छटा नसते, अंगावरचे केस नसतात. प्राणी ओळखू येतो तो निव्वळ कडेवरून. पट्ट्यापट्ट्यांच्या ब्लँकेटमध्ये एक ब्लॉक इकडचा तिकडे झाला तर कुणाला कळतही नाही. इथे मात्र कडेचा एक ब्लॉक चुकला की कान शिंगासारखा दिसायला लागतो. खालच्या बहुतेक सगळ्या चुका शेवटी कडेपाशीच येऊन उघड्या पडतात.

प्राणी चुकीचा निवडणं

ताडोब्याला जाऊन आल्यावर अनेकींना वाघ विणायचा असतो. भावना समजते, पण वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांत आहे. बाजूने काढलेली त्याची काळी आकृती पट्ट्यांशिवाय पाहिली तर घरातले लोक गाय म्हणतात, कुत्रा म्हणतात, वाघ सोडून सगळं म्हणतात. बिबट्याचंही तेच. छायाकृतीसाठी असा प्राणी घ्या ज्याच्या अंगातून काहीतरी ठळक बाहेर येतं: हत्तीची सोंड, उंटाची मदार, जिराफाची मान, काळविटाची शिंगं, शेपटी उंच करून बसलेलं मांजर. शेकरू आपला राज्यप्राणी, त्याची लोंबती शेपटी सुंदर दिसते, पण त्याला फांदीवर बसवा. फांदी नसेल तर ती शेपटी हवेतून कुठून आली ते कळत नाही.

कुठलाही फोटो ॲपमध्ये टाकून आलेला ग्राफ, म्हणजे एक चौकट एक ब्लॉक असा नकाशा, जसाच्या तसा विणू नका. ॲपला कड समजत नाही. पाय, शिंगं, शेपटी असे बारीक भाग किमान दोन ब्लॉक जाड करा. एकाच ब्लॉकची तिरकी रेघ विणली की कोपऱ्याला कोपरा टेकलेले मणी दिसतात, शिंग दिसत नाही. सोंड आणि पुढचा पाय यांच्यामध्येही निदान दोन ब्लॉक मोकळी जागा हवी, नाहीतर तिथे नुसता काळा गठ्ठा होतो. ग्राफ कागदावर छापा, भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. तिथून प्राणी ओळखू आला तरच लोकर आणा.

ग्राफ एकाच दिशेने वाचणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता अर्धवट ब्लँकेटचा फोटो बघूनच ओळखते.

सी-टू-सीचा ग्राफ आडवा वाचायचा नसतो, तिरका वाचायचा असतो. शिवाय एक ओळ खाली उतरते, पुढची वर चढते, कारण दर ओळीनंतर आपण काम वळवतो. पुस्तक वाचायच्या सवयीने प्रत्येक ओळ वरून खालीच वाचली तर एकाआड एक ओळ उलटी पडते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका काकूंनी नातवासाठी हत्ती घेतला होता. ६० बाय ६० चा ग्राफ, म्हणजे ३,६०० ब्लॉक आणि ११९ ओळी. सुरुवातीच्या कोपऱ्यात नुसती पांढरी पार्श्वभूमी, त्यामुळे काही कळलंच नाही. पाय सुरू झाले तेव्हा कडेला काळे-पांढरे ब्लॉक एकाआड एक दिसायला लागले. "पुढे गेलं की नीट दिसेल," असं म्हणत त्या विणत राहिल्या. ब्लँकेट माझ्यासमोर आलं तेव्हा जवळजवळ निम्मं झालं होतं. मधला काही भाग भरीव काळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बुद्धिबळाचा पट.

त्यात खरं तर दोन हत्ती होते. विषम ओळींतला हत्ती जागेवर होता आणि सम ओळींतला कर्णरेषेवर पालथा पडला होता. दोघे जिथे एकमेकांवर आले तिथे काळं भरीव दिसत होतं, जिथे एकच होता तिथे पट उमटला होता. तुमच्या ब्लँकेटवर असा पट दिसला तर दुसरं कारण शोधत बसू नका, ओळीची दिशा तपासा.

काकूंचा प्रश्न होता, "इथून पुढे नीट विणलं तर?" नाही चालत. विणलेल्या ओळी जागा बदलत नाहीत. जिथे पहिला काळा ब्लॉक आला होता तिथपर्यंत आम्ही दोघींनी उसवलं, प्रत्येक रंग आपापल्या बॉबिनवर, म्हणजे लोकर गुंडाळायच्या छोट्या रिळावर, गुंडाळत. उसवलेली लोकर नुसती ढीग करून ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती कात्रीनेच सोडवावी लागते. काकूंनी तो हत्ती पूर्ण केला आणि छान केला. पण पहिले काळे पाय दिसताच त्या थांबल्या असत्या तर दोन-चार ओळींत भागलं असतं.

माझी सवय सांगते. विणायला बसण्याआधी छापील ग्राफवर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलने बाण काढते, एक खाली, एक वर. बाजूला ज्या क्रमाने विणायचं त्याच क्रमाने लिहिते: १२ पांढरे, ५ काळे, ४ पांढरे. बेरीज ओळीतल्या ब्लॉकइतकी आलीच पाहिजे. वाढत्या भागात ते सोपं आहे, कारण ओळीचा क्रमांक तेवढेच ब्लॉक, २१ व्या ओळीत २१. ओळ संपली की काम वळवण्याआधी ब्लॉक मोजते आणि मगच खोडते. सुलट बाजूला पहिल्या कोपऱ्यापाशी एक सेफ्टी पिन कायम लावलेली असते, कारण ही वीण दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते आणि चहाला उठून परत आलं की कुठली बाजू समोर होती ते आठवत नाही. ओळी आपोआप दाखवणारी ॲप वापरायला हरकत नाही, पण सुरुवातीचा कोपरा कुठला आणि तुम्ही डावखुऱ्या आहात का, हे त्यात आधी ठरवा. डावखुऱ्या हाताने चित्र आरशातल्यासारखं फिरतं. हत्ती फिरला तर हत्तीच राहतो, पण शेजारी बाळाचं नाव विणलं असेल तर सगळंच बिनसलं.

काळी लोकर पांढऱ्यामागून ओढत नेणं, आणि टोकं कापून टाकणं

या दोन्हीचं मूळ एकच, बॉबिनचा कंटाळा. चार पाय असलेल्या प्राण्याच्या मधल्या ओळींत सात-आठ बॉबिन एकाच वेळी लोंबतात आणि नवखीला ते बघूनच घाम फुटतो. मग एक काळा गुंडा आणि एक पांढरा गुंडा एवढ्यावरच भागवायचं, आणि नको असलेला रंग खांबांच्या आत दाबून पुढे न्यायचा, अशी पळवाट निघते. पण सी-टू-सीची वीण बंद नसते, ब्लॉकच्या सांध्यांत फटी राहतात. त्यातून काळा धागा दिसतो आणि पांढरी पार्श्वभूमी मळकट वाटते. वर ओढलेला धागा थोडाही ताणला गेला की तिथे कापड चुणतं आणि नेमकी कड वाकडी होते. दोन ब्लॉकपर्यंतच धागा पुढे न्या. त्याहून लांब असेल तर वेगळं बॉबिन.

बॉबिन विकत घ्यायचीच असं काही नाही. मी कपड्यांचे लाकडी चिमटे वापरते, लोकर गुंडाळायची आणि टोक चिमट्यात धरायचं. गुंता कमी करायचा तर एक ओळ झाल्यावर काम डावीकडून वळवा, पुढच्या ओळीला उजवीकडून. नेहमी एकाच बाजूने गरागरा फिरवलं की सगळ्या बॉबिनची वेणी होते.

रंग बदलताना नवा रंग स्लिप स्टिचलाच घ्या. आधीच्या ब्लॉकचा शेवटचा खांब जुन्या रंगात पूर्ण करायचा, सुई तीन साखळ्यांच्या घरात घालायची आणि नवा रंग ओढून आणायचा. स्लिप स्टिच जुन्या रंगात राहिली तर नव्या ब्लॉकच्या कोपऱ्यात त्या रंगाचा ठिपका बसतो. पांढऱ्यावर काळे ठिपके दिसत असतील तर कारण हेच. सोडलेला धागा नेहमी उलट बाजूला गेला पाहिजे. उलट बाजू समोर असलेल्या ओळीत उलट बाजू म्हणजे तुमच्याकडची बाजू, तिथे धागा पुढे घ्यायचा. हे विसरलं की एकाआड एक ओळीत धागे चित्रावर येतात.

आता टोकं. गाठ मारायची, अर्धा इंच ठेवून कापायचं आणि पुढे जायचं, असं अनेक व्हिडिओंमध्ये दाखवतात. ॲक्रिलिक लोकर गुळगुळीत असते, त्यातली गाठ वापरात सैल होते. एका ताईंनी ऑर्डरवर काळविटाचं ब्लँकेट करून दिलं होतं, दिसायला अतिशय देखणं. गिऱ्हाइकाने ते मशीनमध्ये धुतलं आणि परत आणलं. शिंगांच्या मुळाशी, मानेपाशी, पायांपाशी भोकं पडली होती. रंग सर्वांत जास्त वेळा बदलतात ते तिथेच, म्हणजे सगळ्या गाठी कडेलाच होत्या. आतला भरीव काळा भाग आणि बाहेरची पार्श्वभूमी शाबूत, फक्त काळविटाची कड सुटलेली. गाठीनंतर अर्धा इंचच धागा उरलेला, त्यामुळे दुरुस्तीला पकडायला काही नव्हतं. शेवटी सुटलेल्या प्रत्येक जागी नवी लोकर घालून ब्लॉक पुन्हा बांधावे लागले, आणि ते काम नवं ब्लँकेट विणण्याहून किचकट असतं.

टोक किमान सहा इंच ठेवा. बोथट सुईने ते त्याच रंगाच्या ब्लॉकमध्ये एका दिशेने न्या, मग उलट फिरवा, मग तिसऱ्या दिशेने थोडं. काळं टोक काळ्यात, पांढरं पांढऱ्यात. आणि टोकं लपवायचं काम शेवटाला ठेवू नका. रोज विणकामावरून उठण्याआधी त्या दिवसाची टोकं लपवा. शेवटाला शेकडो टोकं एकदम समोर आली की सगळ्या कात्रीच हातात घेतात, कितीही निश्चय केलेला असो.

लोकर अंदाजाने आणणं

दहा ब्लॉक विणा, उसवा, लोकर मोजा. समजा चार मीटर भरली, तर ब्लॉकला ४० सेंटिमीटर. ग्राफमध्ये काळे १,४०० असतील तर ५६० मीटर, त्यावर दहा टक्के जास्त. पार्श्वभूमीची लोकर एकदम आणि एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, घ्या, लॉट नंबर लेबलवर असतो. नंतर आणलेल्या पांढऱ्याचा पट्टा लांबूनही दिसतो.

छोट्या चुका, पण रोजच्या

चौरस नसलेल्या ब्लँकेटला वाढवणं-घटवणं कुठल्या बाजूला चाललंय ते विसरणं. ६० बाय ८० असेल तर ६० व्या ओळीपर्यंत दोन्हीकडे वाढ, मग ८० व्या ओळीपर्यंत रुंदी पूर्ण झालेल्या बाजूला घट आणि दुसरीकडे वाढ, त्यानंतर दोन्हीकडे घट. मधल्या टप्प्यात प्रत्येक ओळीत ६० च ब्लॉक राहतात. वाढीच्या बाजूला लाल धागा बांधा.

रात्री ट्यूबलाइटखाली काळा विणणं. टाके दिसत नाहीत, तीन साखळ्यांच्या घराऐवजी एखाद्याच साखळीत सुई जाते. दिवसा विणा, नाहीतर गडद तपकिरी किंवा नेव्ही ब्लू घ्या.

काळा घट्ट आणि पांढरा सैल विणणं. कड चुणते. दोन्ही लोकर एकाच जाडीच्या घ्या आणि स्लिप स्टिच ओढू नका.

चुकीचा ब्लॉक खूप उशिरा दिसला तर घाबरू नका. भरीव भागात एखादा ब्लॉक चुकीच्या रंगाचा आला असेल तर योग्य रंगाच्या लोकरीने सुईने वरून भरा, काम भागतं. कडेवरचा असेल तर उसवा. त्यात माझ्याकडे सूट नाही.

गरम इस्त्री. ॲक्रिलिक दबून चपटं होतं आणि परत उठत नाही. पाणी फवारा, पिना लावून चारी बाजू सरळ करा, पंख्याखाली वाळू द्या.

किनार

किनार उरकून टाकायची गोष्ट समजली जाते. मुके खांब (सिंगल क्रोशे) कमी पडले की ब्लँकेट वाटीसारखं आत वळतं, जास्त झाले की झालर होते. पहिल्या दहा ब्लॉकवर करून जमिनीवर सपाट ठेवून बघा, मगच पुढे जा. कोपऱ्यात एकाच जागी तीन मुके खांब.

किनारीचा रंग पार्श्वभूमीचाच घ्या, किंवा तिच्या जवळचा. प्राणी काळा म्हणून काळी किनार घेतली की नजर चौकटीवर जाते, आणि सोंड किंवा शेपटी किनारीला टेकली असेल तर दोन्ही काळे एकमेकांत मिसळतात. म्हणून ग्राफ काढतानाच चारी बाजूंनी चार-पाच ब्लॉक मोकळे सोडा. नंतर ती जागा वाढवायची तर नव्याने ओळी जोडाव्या लागतात, आणि तो सांधा दिसतोच.