१९०८चा बेसबॉल मोसम समजून घेताना या चुका टाळा

जुन्या बेसबॉलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास १९०८चं नाव काढतं. अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी शिकागो कब्सचे ९९ विजय आणि ५५ पराभव. न्यूयॉर्क जायंट्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स दोघंही ९८–५६. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत खेळून तीन संघांत फरक फक्त एका सामन्याचा! हा मोसम मला फार जवळचा आहे. म्हणूनच तो घाईघाईत सांगून एका १९ वर्षांच्या पोराच्या, जायंट्सच्या फ्रेड मर्कलच्या, माथी मारला जातो, तेव्हा जीव तुटतो.

‘मर्कलमुळे जायंट्स हरले’ असं म्हणू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. आधी घडलं काय ते बघू.

२३ सप्टेंबर १९०८. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, समोर कब्स. जायंट्सचा पहिल्या बेसवरचा नेहमीचा खेळाडू फ्रेड टेनी याची कंबर धरली होती, म्हणून फ्रेड मर्कलला उतरवलं. नवव्या डावाचा उत्तरार्ध, धावसंख्या १–१, जायंट्सचे दोन बाद. तिसऱ्या बेसवर मॅककॉर्मिक, पहिल्यावर मर्कल. अल ब्रिडवेलने चेंडू मैदानाच्या मध्याकडे फटकावला, मॅककॉर्मिक धावत होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे आला, आणि प्रेक्षक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसच्या वाटेवर होता. गर्दी येताना पाहून तो मधूनच वळला आणि ड्रेसिंग रूमकडे पळाला.

शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना पुढचं लगेच कळेल. बॅटर पहिल्या बेसकडे येतोय म्हटल्यावर तिथल्या धावपटूला दुसऱ्या बेसवर जावंच लागतं. तो पोहोचण्याआधी चेंडू घेऊन कुणी दुसऱ्या बेसला पाय लावला, तर तो बाद. तो तिसरा बाद असेल (तीन बाद झाले की डाव संपतो), तर त्या फटक्यावर आलेली धाव धरत नाहीत. आपल्या क्रिकेटच्या भाषेत सांगायचं, तर विजयी धाव पूर्ण न करताच नॉन-स्ट्रायकर तंबूकडे पळाला.

कब्सच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागून घेतला आणि दुसऱ्या बेसवर उभा राहिला. तो चेंडू खेळातलाच होता की भलताच, याबद्दल दोन्ही बाजूंच्या कहाण्या वेगळ्या आहेत. त्यातली एकच खरी धरून बसू नका. बेसजवळच्या पंचाने, बॉब एम्सलीने, मर्कलला पाहिलं नव्हतं. मुख्य पंच हँक ओडे याने त्याला बाद दिलं. मैदानभर माणसं, वर अंधार पडत आलेला. सामना १–१ बरोबरीत सुटला.

पण गोष्ट इथून सुरू केली की ४ सप्टेंबर सुटतो. त्या दिवशी पिट्सबर्गला असाच शेवटचा फटका बसला आणि पायरेट्सचा वॉरन गिल असाच दुसऱ्या बेसला न शिवता निघून गेला. एव्हर्सने तेव्हाही दाद मागितली. मैदानावर एकटाच पंच होता, तोही हँक ओडेच. आपण पाहिलं नाही म्हणाला. कब्सची तक्रार लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी फेटाळली. म्हणजे नियम पुस्तकात होता, पण शेवटच्या फटक्यानंतर तो कुणी पाळत नव्हतं आणि पंच पाळायला लावत नव्हते. मर्कलने त्या काळी सगळे करायचे तेच केलं. फरक एवढाच की एकोणीस दिवसांपूर्वी ओडेचं लक्ष नेमकं या गोष्टीकडे वेधलं गेलं होतं.

आता पुढचे दिवस मोजा. २९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या पाच दिवसांत फिलाडेल्फियाचा तरुण पिचर (चेंडू टाकणारा) हॅरी कोव्हेलेस्की याने जायंट्सना तीनदा हरवलं. त्यातला एक सामना जरी जिंकला असता, तरी २३ सप्टेंबरची आठवण कुणाला राहिली नसती. पायरेट्सचंही तेच. ४ ऑक्टोबरला शिकागोत ते कब्सकडून २–५ असे हरले. जिंकले असते तर कब्स तिथेच शर्यतीबाहेर गेले असते.

बेरीज जुळत नसेल तर

९८ आणि ५६ मिळून १५४, मग जायंट्सच्या नावापुढे १५७ सामने कसे? मी वहीत तक्ता मांडला तेव्हा इथेच अडलो होतो. छापील आकडा चुकलेला नाही. विजेचे दिवे नव्हते (मेजर लीगमधला पहिला रात्रीचा सामना १९३५चा), त्यामुळे अंधार पडला की बरोबरीतला सामना तिथेच थांबायचा. असे सामने जय-पराजयात येत नाहीत, पण खेळाडूंच्या आकड्यांत येतात. २३ सप्टेंबरचा त्यातलाच. बेरीज चुकली की आधी बरोबरीचे सामने शोधा.

क्रमवारी गुणांवर लावायची नसते, विजयाच्या टक्केवारीवर लावायची असते. अमेरिकन लीगमध्ये हे फारच बोचरं ठरलं. डेट्रॉइट टायगर्स ९०–६३, क्लीव्हलँड ९०–६४. डेट्रॉइटचा पावसाने वाहून गेलेला एक सामना पुन्हा खेळवलाच नाही, कारण तेव्हा तशी सक्ती नव्हती. अर्ध्या सामन्याच्या फरकाने विजेतेपद गेलं! क्लीव्हलँडच्या अ‍ॅडी जॉस याने २ ऑक्टोबरला शिकागो व्हाइट सॉक्सच्या एकालाही बेसवर पोहोचू दिलं नव्हतं, तरीही.

आजच्या मापाने आकडे वाचू नका

नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी सर्वाधिक होमरन किती? १२, ब्रुकलिनच्या टिम जॉर्डनचे. म्हणून बॅटर कच्चे होते असं नाही. चेंडूच्या पोटात अजून बुचाच्या लाकडाचा गाभा आलेला नव्हता. तोच चेंडू काळा पडेपर्यंत चालायचा, आणि त्याला थुंकी लावून टाकणं नियमात बसत होतं. साऱ्या लीगची फलंदाजीची सरासरी .२३९ (म्हणजे हजार संधींमागे २३९ यशस्वी फटके) असताना पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरने .३५४ काढली. त्याच्याकडे पाहताना हे .२३९ शेजारी ठेवा, तेव्हाच त्याची उंची कळते.

पिचरचंही तसंच. जायंट्सच्या क्रिस्टी मॅथ्यूसनचे ३७ विजय, शिकागो व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शचे ४०. वॉल्शने ४६४ डाव टाकले. आज २०० डाव टाकणारा पिचर भरवशाचा म्हणवतो. मॅथ्यूसनची १.४३ ही सरासरी (क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून, दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा) मात्र १९०८च्या वर्तमानपत्रात शोधू नका. लीगने ती अधिकृतपणे धरायला सुरुवात केली १९१२ साली. जुन्या मोसमांचे आकडे नंतर मागे जाऊन काढलेले आहेत.

नावांचा घोळ थोडक्यात. हे जायंट्स म्हणजे आज सॅन फ्रान्सिस्कोत असलेला संघ. तो १९५८मध्ये तिकडे गेला. कब्सचं मैदान तेव्हा वेस्ट साइड पार्क होतं. रिग्ली फील्डचा फोटो १९०८च्या मजकुराला लावलेला दिसला तर तो चूक समजा, ते मैदान बांधलं गेलं १९१४ला.

८ ऑक्टोबरचा धावफलक स्वतः वाचा

कब्स आणि जायंट्स दोघंही ९८–५५ वर आले आणि बरोबरीत सुटलेला सामना पोलो ग्राउंड्सवर पुन्हा खेळला गेला. तिसऱ्या डावात जो टिंकरने मॅथ्यूसनच्या चेंडूवर जायंट्सचा क्षेत्ररक्षक सायमोर याच्या डोक्यावरून फटका मारून तिसरा बेस गाठला, आणि त्या एका डावात कब्सने चार धावा काढल्या. मॉर्डेकाय ब्राउन पहिल्याच डावात पिचिंगला आला होता, त्याने शेवटपर्यंत जायंट्सना रोखून धरलं. कब्स ४–२ने जिंकले.

जायंट्सच्या नावांची यादी वरून खाली वाचा. पहिल्या बेसवर टेनी परतलेला आहे. ज्या सामन्यात विजेतेपद गेलं, त्याच्या धावफलकात मर्कल हे नाव कुठेच नाही.