जुन्या गाडीचा सेल्फ लागत नाही? मोटर उतरवण्याआधी या चुका टाळा

इंजिन बांधून झालं, इंजिनच्या खणाला नवा रंग चढला, नवी वायरिंग टाकली आणि चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’. बडोद्यात घरची मॉरिस, लँडमास्टर किंवा पहिल्या पिढीची अँबॅसेडर पुन्हा उभी करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. मग पहिला पान्हा जातो तो सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरच्या, बोल्टवर. मोटर उतरते, रिवाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) जाते, पैसे खर्च होतात, परत बसते आणि पुन्हा ‘टक्’. नव्याने बांधलेल्या गाडीत सेल्फच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच रंगरंगोटीत आणि साफसफाईत सापडतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मोटर सगळ्यात शेवटी उतरवायची.

आधी हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले आणि इंजिन हललं नाही, तर बॅटरी उतरली आहे, टर्मिनल खराब आहे, पिनियन (सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) अडकलं आहे किंवा मोटर आतून धरली आहे. दिवे जसेच्या तसे राहिले, तर करंट मोटरीपर्यंत पोचतच नाही. स्विच, सोलेनॉइड (मोटरीचा करंट जोडणारा चुंबकी स्विच) आणि जाड केबल तपासा. एवढ्या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, आणि सेल्फ मारताना आकडा साडेनऊ-दहाच्या खाली जाता कामा नये.

रंगाखाली दडलेली अर्थिंग

सगळ्यात जास्त त्रास अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट लोखंडातून बॅटरीकडे परत जातो त्या वाटेत, होतो. जुनी गाडी खोलली तेव्हा इंजिन आणि चॅसी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक मळकट पट्टी होती. ती भंगारात जाते किंवा नव्या रंगावर तशीच कसली जाते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी नसली की करंटला परतीचा सरळ रस्ताच उरत नाही. मग तो चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर डॅशबोर्डाखालून जळका वास आला, चोकची केबल हाताला चटका देईल इतकी तापली, तर लगेच थांबा. ती केबल सेल्फचा करंट वाहायला केलेलीच नाही.

तपासणी सोपी आहे. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढलेली. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नको. दुसरी सेल्फच्या अंगावर, जिथे उघडं लोखंड दिसतं तिथे. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंगमध्ये दोष आहे. पट्टी जिथे बसते तिथला रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडून चकचकीत लोखंड काढा, बोल्ट घट्ट करा आणि मगच वरून व्हॅसलीन लावा. सेल्फचं तोंड जिथे बेलहाउसिंगला (क्लचवरच्या धातूच्या कवचाला) टेकतं, तिथला रंगही काढा. पावडर कोटिंग तर फारच चिवट, ते नुसत्या बोल्टच्या दाबाने फुटत नाही.

केबलही बघून घ्या. वरून जाड दिसणाऱ्या स्वस्त केबलमध्ये तांबं कमी आणि प्लास्टिक जास्त असतं. सहा व्होल्टची गाडी असेल तर तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो, तिथे बारीक केबल चालणारच नाही.

बेंडिक्सला ग्रीस नको

मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, अशी तक्रार असेल तर बेंडिक्स, म्हणजे पिनियन पुढे सरकवणारी यंत्रणा, बघा. त्या काळच्या ल्युकास कंपनीच्या सेल्फमध्ये पिनियन आट्यांच्या स्लीव्हवरून झटक्याने पुढे जाऊन रिंग गिअरमध्ये (इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्यात) घुसतं. रिस्टोरेशनच्या उत्साहात या आट्यांना भरपूर ग्रीस चोपडतात. क्लचची धूळ त्यावर बसते, चिकट लगदा होतो आणि पिनियन जागचं हलत नाही. रॉकेलने धुवा, कोरडं करा. फार तर पातळ मशीन ऑइलचा एखादा थेंब पुरे.

पिनियन रिंग गिअरमध्येच अडकलं असेल, तर सेल्फच्या मागच्या टोपीखाली शाफ्टचं चौकोनी टोक असतं, ते पान्ह्याने फिरवा. किंवा इग्निशन बंद ठेवून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हलवा. पुन्हा पुन्हा अडकत असेल तर रिंग गिअरचे दात बघा. चार सिलिंडरचं इंजिन थांबताना ठरावीक दोन जागीच थांबतं, त्यामुळे दातही तिथेच झिजतात.

मोटर उघडलीच, तर

कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) आणि त्यांच्या स्प्रिंगा तपासा. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) पेट्रोलच्या फडक्याने पुसा, लागलाच तर बारीक काचपेपर मारा. एमरी अजिबात नको, त्याचे कण फटीत रुततात. डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) कम्युटेटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खाली कापतात. ल्युकासच्या जुन्या सेल्फमध्ये तो कापायचा नसतो. सवयीने कापून देणारे कारागीर आहेत, तेव्हा काम देतानाच सांगून ठेवा. नवा सच्छिद्र ब्राँझचा बुश (शाफ्टला आधार देणारी छोटी नळी) बसवण्याआधी दिवसभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा आणि बसवल्यावर आतून रीमर मारू नका, छिद्रं बुजतात.

ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात गाडी बुडली असेल, तर सेल्फ उघडल्याशिवाय एकदाही मारू नका. सेल्फ खालीच असतो, गाळ आत गेलेला असणारच. स्वच्छ करून पूर्ण वाळवा, मग कम्युटेटर आणि शाफ्ट यांच्यात मल्टिमीटर लावा. कंटिन्युइटी (जोड) दाखवली तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेलं.

दुकानात टेबलावर मोटर सुसाट फिरली, याचा अर्थ ती इंजिन फिरवेल असा नाही. तिथे तिच्यावर भारच नसतो. उलट बाजूने, पिस्टनच्या नव्या रिंगा आणि बेअरिंग टाकलेलं इंजिनच जड असू शकतं. प्लग काढून हँडलने फिरवून बघा. हाताला जड लागत असेल तर सेल्फला दोष देऊ नका. आणि दहा सेकंदांच्या वर चावी धरून ठेवू नका, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या.

मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत मूळची अर्थिंग पॉझिटिव्ह असते, म्हणजे बॅटरीचा प्लस खांब बॉडीला जोडलेला असतो. ती निगेटिव्ह केली तर सेल्फ उलटा फिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. जुन्या सेल्फमध्ये चुंबकाचं काम (फील्ड) कॉइल करते, त्यामुळे तो पोल बदलूनही त्याच दिशेने फिरतो. पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) पुन्हा द्यावी लागते ती डायनॅमोला. मात्र जुन्या सेल्फच्या जागी कायमचुंबकाचा नवा छोटा सेल्फ बसवलात, तर तो खरोखरच उलटा फिरेल. घेण्याआधी तो कोणत्या अर्थिंगचा आहे आणि पिनियनला किती दात आहेत, दोन्ही विचारून घ्या.