गोबरगॅसची नळी शेगडीला जोडण्याआधी

औसा तालुक्यात मी गोबरगॅसचे डोम, म्हणजे शेण कुजून गॅस साठतो त्या घुमटाच्या टाक्या, बांधतो. डोम भरून आठवडा होत नाही तोच घरातली मावशी विचारते, "मिस्त्री, शेगडी कधी पेटणार?" पेटंल, दम धरा.

शेण-पाणी समसमान कालवून भरलं की उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत गॅस धरतो, थंडीत जास्त दिवस लागतात. पहिला गॅस पेटवायचा नाही, वाऱ्यावर सोडायचा. त्यात कार्बन डायऑक्साइड फार, आणि डोममधली हवाही मिसळलेली. हवेत मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, 5 ते 15 टक्के असला की एका ठिणगीला भडका. काम शिकत होतो तेव्हा मी डोमच्या तोंडाशीच काडी ओढली होती. भुवया जळाल्या, गावभर हसू झालं.

मग गळती बघा. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, दोन्ही बाजू मीटरभर उंच. अर्धी पाण्यानं भरून एक तोंड पाइपाला जोडा. पाइपात गॅस घ्या, डोमकडचा आणि शेगडीकडचा दोन्ही कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारा. तासाभरात पाणी रेघेवरून हललं तर सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगेल तिथं गळती. काडी लावून शोधायचं नाही, बाबांनो!

पाइपाला उतार द्या, सखल जागी गॅसच्या वाफेचं साचलेलं पाणी काढायचा कॉक बसवा, नाहीतर ज्योत फडफडते. सिलिंडरची शेगडी चालत नाही, गोबरगॅसचीच घ्या. पहिल्यांदा ती अंगणात पेटवा. ज्योत निळी, स्थिर राहिली की न्या स्वयंपाकघरात.